दहाचा लाल

चोपड्याचं लग्न आटोपून रात्री अमळनेरला परतत होतो. तापीचा पूल मागे पडला आणि डॅशबोर्ड काळाकुट्ट झाला. हेडलाइट चालू होते, त्यामुळे मी निवांत. स्पीडच्या काट्याकडे तसंही कोण बघतं? तेवढ्यात एक मोटारसायकलवाला बरोबरीला येऊन ओरडला, "भाऊ, मांगला लाइट बंद शे!"

कापूस भरून चाललेल्या बिनदिव्याच्या ट्रॅक्टरांना मी आजवर इतक्या शिव्या घातल्यात! त्या रात्री मीच तो ट्रॅक्टर होतो.

गाडी कडेला घेतली. आमच्या जुन्या गाडीत पार्किंग, मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्ड हे सगळं एकाच फ्यूजवर. लाल, दहा अँपिअरचा. काढून मोबाइलच्या उजेडात धरला, तर आतली तार तुटून प्लॅस्टिक काजळलेलं. नवा टाकला. डॅशबोर्ड उजळला, पहिल्याच खड्ड्यात विझला. दुसरा टाकला, तोही गेला. डबीत उरला एकच, पिवळा. म्हणजे वीसचा.

खरं सांगतो, हात त्याच्याकडे गेलाच. लहानपणी आमच्या जीपचा काचेचा फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवायची रीत होती, आणि त्याला आम्ही हुशारी म्हणायचो. पिवळा बसवला गेला नाही, तो माझ्या शहाणपणामुळे नव्हे. अंधारात हातातून निसटून सीटखाली गेला म्हणून. इंडिकेटरचा फ्यूज वेगळा होता. चारही इंडिकेटर लुकलुकवत, वरातीच्या चालीने घर गाठलं.

सकाळी वायरिंगवाल्या आप्पांकडे गेलो. पिवळ्याची गोष्ट ऐकून ते हसले नाहीत. म्हणाले, "वीसचा टाकला असता, तर तारच फ्यूज झाली असती." मग हिशेब मांडला. पुढचे-मागचे चार बल्ब पाच-पाच वॅटचे, नंबरप्लेटचा एक, डॅशबोर्डचे बारीकसारीक. सगळे मिळून तीस-पस्तीस वॅट. बारा व्होल्टला भागा, तीन अँपिअरच्या आसपास. दहाच्या फ्यूजला हे ओझं म्हणजे काहीच नाही. "फ्यूजले काय बोल लावतस? चोर दुसराच शे!"

चोर शोधायची त्यांची तऱ्हा बघत राहावी अशी. त्या लाइनवरचे सगळे बल्ब त्यांनी आधी काढून ठेवले. मग ब्रेकलाइटचा एकवीस वॅटचा बल्ब दोन तारांना जोडून फ्यूजच्या जागी लावला आणि पार्किंगचं बटण दाबलं. आता एकही दिवा जागेवर नाही, म्हणजे करंटला जायला वाट नको. तरी बल्ब भक्कन पेटला. कुठेतरी तार उघडी पडून पत्र्याला टेकली होती, आणि गाडीचा अख्खा पत्रा म्हणजे बॅटरीची निगेटिव्हच. बल्ब मधे असल्यामुळे करंट आवरलेला, म्हणून चोर चालू ठेवून त्याचा माग काढता येतो. फ्यूजांचा खुर्दा होत नाही.

आप्पांनी पुढची वायर हलवली, बल्ब ढिम्म. सीटखालची हलवली, तरी ढिम्म. मग डिकी उघडली आणि बल्ब विझला. मिटली, पेटला. उघडली, विझला. मला लहान पोरासारखी मजा वाटायला लागली. नंबरप्लेटच्या दिव्याची तार बिजागरीपाशी रबरी नळीतून जाते. रोज वाकून वाकून, त्यात आमच्याकडचे पंचेचाळीस अंशांचे उन्हाळे खाऊन, तिचं आवरण पापडासारखं कुडकुडीत झालं होतं. दीड इंच तांबं उघडं पडलेलं.

तेवढा तुकडा त्यांनी बदलला, नवी नळी चढवली, बल्ब लावून दहाचा लाल जागेवर बसवला. पैसे इतके थोडे मागितले की रात्री जाळलेल्या दोन फ्यूजांची मला उगाच लाज वाटली.

संध्याकाळी अंगणात दिवे लावून गाडी मागे घेतली. भिंतीवर लाल उजेड पडला. उतरून डिकी उघडली, मिटली. उजेड तसाच. परत उघडली, परत मिटली.

ओट्यावरून आईने विचारलं, "काय रे, काय हरपलं?"