फोर्ट पीअरचं गवताळ रान: पहाटे आत घेणारी माती दहा वाजता सोडत नाही

साउथ डकोटातल्या फोर्ट पीअर नॅशनल ग्रासलँडमध्ये एप्रिलात प्रेअरी कोंबड्यांचा नाच बघायला जाणार असाल तर जरूर जा. फक्त डांबर किंवा खडी सोडून मातीच्या वाटेने गाडी आत घालू नका. ‘ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना, मग काही होत नाही’ असं जो सांगेल त्याने ही माती ओली पाहिलेली नाही. आम्हाला असं सांगणारे दोघे भेटले, एक मोटेलच्या काउंटरवर आणि एक पेट्रोल पंपावर. दोघांचं म्हणणं एकच: आठवडाभर पाऊस नाही, वाटा कडक आहेत.

पाऊस नव्हता हे खरं. वाटही पहाटे कडकच होती. ८३ नंबरच्या महामार्गावरून वळलो तेव्हा अंधार होता, तापमान शून्याखाली, आणि गवतातल्या दोन चाकोऱ्या फरशीसारख्या टणक. सव्वा मैल आत गेलो, टायरला चिमूटभरसुद्धा माती लागली नाही. तिथून पुढे चालत लपणापर्यंत, म्हणजे पक्ष्यांना न दिसता बसायच्या आडोशापर्यंत. वनखात्याकडे आधी नोंदणी केली की हे लपण मिळतं. उजाडायच्या आत शिरायचं आणि पक्षी स्वतः उडून जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही, हा नियम. नर कोंबडे गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात, पाय आपटतात, एकमेकांवर धावून जातात. त्यासाठी पुन्हा एवढा प्रवास करीन.

पण पक्षी उठेस्तोवर ऊन चढलं. जमिनीतलं बर्फ वरच्या चार बोटांपुरतं वितळलं आणि खाली तसंच राहिलं. वितळलेल्या पाण्याला खाली जायला वाटच नाही. परत निघालो तेव्हा पहिल्या शंभर फुटांतच गाडी तिरकी सरकली. सगळे समजतात की चिखलात गाडी रुतते. इथे ती रुतत नाही, आवळली जाते. माती टायरला चिकटते, तिच्यावर गवत चिकटतं, त्यावर आणखी माती, आणि थोड्याच वेळात चाक आणि मडगार्डमधली जागा भरून चाक फिरायचंच थांबतं. चारही चाकांना जोर असेल तर चारही भरतात. आम्ही टायर जॅकच्या दांड्याने मोकळे करायचो, गाडी दहा फूट जायची, पुन्हा तेच. तासाभराच्या धडपडीत महामार्ग काही जवळ आला नाही. माझ्या बुटांचं वजन मला उचलवेना. शेवटी नवऱ्याला म्हटलं, राहू दे, मदत बोलावू.

टो ट्रकवाल्याने फोनवर अडीचशे डॉलर सांगितले. तो आला, महामार्गाच्या कडेलाच थांबला आणि म्हणाला, जमीन सुकेपर्यंत किंवा पुन्हा गोठेपर्यंत माझा ट्रक आत येणार नाही. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला माती माहीत होती. पण फोनवर मी ‘मातीची वाट, आत सव्वा मैल’ हे स्पष्ट सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत थांबल्याचे तासावारी पैसे, दुसऱ्या माणसाचे वेगळे, लांब दोराचे वेगळे: बिल साडेसातशे. ही लूट आहे. फोनवरच विचारून घ्या की थांबण्याचे पैसे किती, डांबरापासून पुढे मैलामागे किती, आणि जास्तीत जास्त किती होईल. उत्तर मेसेजवर लेखी मागा. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याचं कलम आहे का तेही निघायच्या आधी वाचा. आमच्या करारात होतं, त्यामुळे विम्याने एक पैसा दिला नाही.

वाट बघता बघता परभणीला बाबांना फोन केला. त्यांना फोटो पाठवला तर त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘वाफसा आला होता का गं? वाफसा नसताना रानात बैलगाडीसुद्धा घालत नाही आपण.’ फोटोवरून त्यांनी जमीन ओळखली आणि ओळख बरोबर होती. आपली काळी जमीन बेसाल्ट झिजून झाली आणि ही शेलवर, म्हणजे गाळ दबून झालेल्या मऊ खडकावर झाली, पण दोन्हींत फुगणारी तीच चिकणमाती, स्मेक्टाइट. इथल्या खडकाचं नावच पीअर शेल. १८६२ मध्ये मीक आणि हेडन या भूवैज्ञानिकांनी ते फोर्ट पीअर ठाण्यावरून दिलं. सात-आठ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी बारीक गाळ साचला आणि पश्चिमेकडच्या ज्वालामुखींची राख त्यात पडत राहिली. त्या राखेचं बेंटोनाइट झालं. पाणी मिळालं की ते फुगतं, वाळलं की आक्रसतं. रंग मात्र आपल्यासारखा काळा नाही, हिरवट-राखाडी आहे, म्हणून वरवर बघून आपल्याकडचा माणूसही फसतो.

जमीन खोल नाही. पीअर आणि ओपल या नावांनी नकाशावर दाखवलेल्या मातीत साधारण अर्धा ते एक मीटर खाली शेल लागतो. सॅमसिल त्याहूनही उथळ. पीअर मातीत चिकणमातीचं प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात असतं. पाणी तिच्यात मुंगीच्या पावलाने शिरतं, आणि शिरलं की ती इतकं घट्ट धरून ठेवते की त्यातलं बरंच मुळांनासुद्धा मिळत नाही. म्हणून इथे झाडं ओढ्याकाठीच दिसतात आणि बाकी सगळं गवत: वेस्टर्न व्हीटग्रास, ग्रीन नीडलग्रास, आणि गुरांनी जास्त चरलं तिथे आखूड बफेलो ग्रास. मृदा सर्वेक्षणाचे नकाशे फुकट बघायला मिळतात. तुमच्या वाटेवर ओपल, प्रॉमिस, पीअर, सॅमसिल यांपैकी नाव दिसलं तर हवामानाच्या अंदाजाइतकंच ते महत्त्वाचं माना. नकाशा नसेल तर ओली माती अंगठा आणि बोटामध्ये दाबत पट्टी काढा. पाच सेंटिमीटरची पट्टी न तुटता निघाली तर गाडी तिथेच ठेवा आणि चाला.

चालताना चाकोरीतून नाही, गवतावरून. मुळांचं जाळं वजन पेलतं. पण हाच न्याय गाडीला लावून बाजूच्या गवतावर घालू नका. नेमून दिलेल्या वाटांबाहेर गाडी नेण्यास इथे मनाई आहे, आणि ओल्या मातीत उमटलेल्या चाकाच्या खुणा कडक वाळून पुढच्यांच्या वाट्याला येतात. बॅगेत खुरपं ठेवा. बूट खरवडायला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. ट्रेकिंग पोलच्या खालच्या चकत्या काढून टाका, त्यांच्यावर मातीचे गोळे चढतात.

पाण्यावर भरवसा ठेवू नका. रानात गुरांसाठी बांधलेली तळी जागोजाग दिसतात. ही माती पाणी झिरपू देत नाही म्हणूनच ती टिकतात. पण त्यातली बारीक माती खाली बसतच नाही, आणि फिल्टर काही मिनिटांत तुंबतो. शिवाय पीअर शेलमध्ये सेलेनियम आहे, काही रानवनस्पती ते साठवतात, आणि ते खाऊन गुराघोड्यांचे केस आणि खूर गेल्याच्या नोंदी इथे जुन्या आहेत. घोडा घेऊन येणाऱ्यांनी त्याला वाटेल तिथे तोंड घालू देऊ नये. पिण्याचं पाणी सगळं गावातून भरून न्या.

ऑगस्टमध्ये येणार असाल तर चिखलाची भीती कमी, भेगांची जास्त. पंजा आत जाईल एवढ्या भेगा गवताखाली लपलेल्या असतात, घोटा मुरगळतो. वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते, पाऊस आला की खालची फुगते आणि तिला जागा उरत नाही, म्हणून ती आडवी रेटते. कुंपणाचे वाकलेले खांब आणि महामार्गावरच्या उगाचच्या लाटा याच रेट्याच्या. तंबूच्या खुंट्या लोखंडी आणा, सोबत हातोडा.

पुढे बॅडलँड्स नॅशनल पार्कला गेलो. हवा छान, रस्ता डांबरी, अडचण काही नाही. डिलन पासजवळचे पिवळे ढिगारे तेवढे थांबून बघा. समुद्र हटल्यावर त्याच्या तळाचा काळा गाळ इथे उघडा पडला आणि त्याची माती झाली, ती ही पिवळी. पश्चिमेकडचा सेज क्रीकचा रस्ता मात्र पावसानंतर टाळा, तिथे पुन्हा मातीची तीच जात आहे.

लपणाची नोंदणी करताना एप्रिलच्या अखेरीची तारीख मागा. तेव्हा गोठण्या-वितळण्याचा खेळ कमी झालेला असतो. तरी आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर गाडी खडीवरच लावा आणि पहाटे तासभर आधी निघून चालत जा. गाडी परत करण्यापूर्वी रिमच्या आतल्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. तिथे माती वाळून बसली की महामार्गाच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. आम्हाला गॅरेजवाल्याने चारही टायरचं बॅलन्सिंग सुचवलं होतं. त्याची काही गरज नव्हती, माती निघाली आणि थरथर थांबली.