आमची वाटचाल : हजेरीच्या वहीपासून

धाकटी बहीण आणि मी मिळून स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहण्याचा, हा व्यवसाय सुरू केला, त्याला आता 14 वर्षं झाली. तेव्हा आमच्याकडे भाड्याची बोट, सहा टाक्या आणि जुना कॉम्प्रेसर एवढंच होतं. मी पाहुण्यांना पाण्यात न्यायचो, ती यंत्रं सांभाळायची. पहिली दोन वर्षं कर्ज फेडण्यात गेली.

तिसऱ्या वर्षीची एक दुपार मात्र नीट सांगायला हवी. आठ जण पाण्यात उतरले होते. मध्येच प्रवाह फिरला आणि सगळे पांगले. माणसं वर येऊ लागली तशी मी डोकी मोजली. आठ भरली. बहिणीला बाकाखाली चपलांचे दोन जोड बेवारस दिसले. ती ओरडली, “दादा, इंजिन बंद कर!” मदतीला पाण्यात उडी मारलेला आमच्याकडे काम करणारा मुलगा आणि पाण्यात न उतरलेली एक पाहुणी, अशी दोन माणसं मी मोजणीत धरली होती. खरे दोघे पाण्यात वाहत दूर गेले होते. लाटांत डोकं दिसत नाही, हे तेव्हा कळलं. 35 मिनिटांनी सापडले, सुखरूप. त्यांतला एक एवढंच म्हणाला, “आम्हाला वाटलं, तुम्ही निघून गेलात.” ते वाक्य आजही माझ्या कानात आहे.

त्याच संध्याकाळी हजेरीची वही आली. उतरताना सही, वर आल्यावर स्वतःच्या हाताने दुसरी सही. दोन्ही सह्या झाल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. प्रत्येकाजवळ हवा भरून उभा करायचा नारिंगी फुगा असतो आणि बोटीवर ऑक्सिजनचा संच.

समुद्रात दर 10 मीटरला साधारण एक वातावरण, म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. खोल पाण्यात रक्तात जास्त नायट्रोजन विरघळतो आणि झटकन वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात, म्हणून सावकाश वर यायचं आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. हौशी डायव्हिंगची मर्यादा 40 मीटर मानतात. आम्ही 30 वरच थांबतो, कारण अशा त्रासावर दाबाखाली उपचार करायचा कक्ष आमच्यापासून लांब आहे. काही बिघडलं तर मधला वेळ पाहुण्याच्या शरीरातून जातो, आमच्या खिशातून नाही.

2021 मध्ये एक मध्यस्थ आला. कित्येकशे मीटर खाली जाणाऱ्या पाणबुडीच्या जागा आम्ही विकाव्यात, असा त्याचा प्रस्ताव होता. दलाली मोठी होती आणि आम्हाला नवं इंजिन घ्यायचं होतं. बहिणीने तीनच प्रश्न विचारले. सांगाडा कुठल्या वर्गीकरण संस्थेने, म्हणजे जहाजं-पाणबुड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने, तपासलाय? किती दाबाखाली चाचणी झालीय? खाली अडकली तर वर काढायला कोण येणार? तो म्हणाला, तंत्रज्ञान नवं आहे, नियम मागे पडलेत, आणि पाहुणे सगळं वाचून सही करतात. तो गेल्यावर ती म्हणाली, “दादा, या माणसाने मला खिडकी दाखवली, कागद नाही दाखवला.” आम्ही नकार कळवला. इंजिन दोन वर्षं लांबलं.

18 जून 2023 रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेल्या ‘टायटन’ या पाणबुडीचा संपर्क तुटला. पाच जण होते, त्यांत एक 19 वर्षांचा मुलगा. अवशेष सुमारे 3,800 मीटरवर, म्हणजे दाब वरच्यापेक्षा जवळपास 380 पट. 22 जूनला तुकडे सापडले. आमचा नकार बरोबर ठरला याचं समाधान वाटलं नाही. त्या वयाची मुलं आमच्याही बोटीवर येतात.

नंतर जे उघड झालं त्याने मी जास्त हादरलो. कार्बन फायबरच्या त्या सांगाड्याचं कुठल्याही वर्गीकरण संस्थेकडून प्रमाणीकरण झालं नव्हतं. 2018 मध्येच ‘टायटन’ बनवणाऱ्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याने आणि बाहेरच्या तज्ज्ञांनीही इशारा दिला होता. 2022 मधल्या एका फेरीनंतर वर येताना मोठा आवाज ऐकू आला होता, तरी पाणबुडी पुन्हा खाली गेली. प्रवाशांना ‘मोहीम-तज्ज्ञ’ म्हटलं जात होतं. मला हा शब्दच घातक वाटतो. पैसे भरून बसलेल्या माणसाला कार्बनच्या थरांतली भेग कशी दिसणार? त्याच्या सहीने आमची जबाबदारी कमी होत नाही. तो विश्वासाने सही करतो, म्हणून ती वाढतेच.

खोल समुद्रात जाऊच नये, असं मला म्हणायचं नाही. ‘आल्विन’ ही संशोधनाची पाणबुडी 1964 पासून काम करते. ठरावीक वर्षांनी ती पूर्ण सुटी करून तपासतात. 1973 मध्ये ‘पायसीस-3’ सुमारे 480 मीटरवर अडकली, तेव्हा आतल्या दोघांना तीन दिवसांनी जिवंत बाहेर काढलं, कारण तिथवर पोचू शकणाऱ्या दुसऱ्या पाणबुड्या होत्या.

गेल्या महिन्यात एक पाहुणा वर्षभर पैसे साठवून आला होता. सर्दीने कान बंद. बहिणीने पाण्यात उतरू दिलं नाही, पैसे पूर्ण परत केले. तो फार नाराज झाला. मग बोटीवर बसल्या बसल्या त्याने वही मागून घेतली, आणि त्या दिवशी उतरणाऱ्यांची नावं त्यानेच पुकारली, दोन्ही वेळा.