स्नो इमर्जन्सी: बर्फ थांबला, आता गाडी कुठे लावायची?

अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरात बऱ्याचदा असं होतं. दुपारी बर्फ थांबतो, ऊन पडतं, मोठे रस्ते काळे दिसू लागतात, आणि त्याच संध्याकाळी शहर स्नो इमर्जन्सी जाहीर करतं. नवीन माणूस गोंधळतो. वादळ तर गेलं, आता कसली इमर्जन्सी? पण ही घोषणा वादळासाठी नसते, प्लाऊसाठी, म्हणजे पात्याने बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांसाठी असते. बर्फ पडत असताना प्लाऊ फिरतात ते मधली वाट चालू ठेवण्यापुरते. बर्फ थांबला की रस्ता एका कर्बपासून (रस्त्याच्या उंच काठापासून) दुसऱ्या कर्बपर्यंत खरवडायचा असतो, आणि त्यासाठी कडेच्या गाड्या हलाव्या लागतात.

एक गाडी राहिली तर काय बिघडतं? प्लाऊ तिला वळसा घालून जातो. त्याचं पातं उजवीकडे तिरकं असतं, त्यामुळे ढकललेला बर्फ गाडीच्या रस्त्याकडच्या बाजूला वरंब्यासारखा साचतो. रात्रीत तो गोठतो. दोन दिवसांनी मालक गाडी काढतो, पण गाडीच्या मापाचा टणक ढिगारा तिथेच राहतो. पुढचा माणूस त्या ढिगाऱ्याच्या अलीकडे, म्हणजे कर्बपासून दोन हात लांब गाडी लावतो. पुढच्या बर्फात वरंबा आणखी आत सरकतो. असं तीन-चार वेळा झालं की जानेवारीअखेर दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या गल्लीतून अग्निशमनाचा बंब जात नाही. मीठ टाकून हे सुटत नाही. रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण १५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ९ सेल्सियसच्या खाली गेलं की साधं मीठ जवळजवळ निकामी होतं, आणि मिनेसोटात तशी थंडी आठवडेच्या आठवडे असते.

आता मिनियापोलिसचा नियम नीट बघू, कारण हा समजला की बाकीच्या शहरांचे कळायला सोपे जातात. घोषणा संध्याकाळी ६ पर्यंत होते आणि नियम त्याच रात्री ९ वाजता लागू होतो. म्हणजे हातात किमान तीन तास असतात. समजा मंगळवारी घोषणा झाली. मंगळवारी रात्री ९ ते बुधवारी सकाळी ८ हा पहिला दिवस: स्नो इमर्जन्सी रूटवर दोन्ही बाजूंना पार्किंग बंद. बुधवारी सकाळी ८ ते रात्री ८ हा दुसरा दिवस: बाकीच्या रस्त्यांची सम क्रमांकाची बाजू बंद, आणि पार्कवेच्या, म्हणजे बागा-तळ्यांलगतच्या रस्त्यांच्या, दोन्ही बाजू बंद. गुरुवारी सकाळी ८ ते रात्री ८ हा तिसरा दिवस: बाकीच्या रस्त्यांची विषम बाजू बंद.

कोणता रस्ता कोणत्या गटात, हे नावाच्या पाटीच्या रंगावरून कळतं. निळी पाटी म्हणजे स्नो इमर्जन्सी रूट, आणि त्यावर लाल सूचनाफलकही असतात. हिरवी पाटी म्हणजे साधा रस्ता. तपकिरी पाटी म्हणजे पार्कवे.

आपल्या लोकांचा घोळ होतो तो सम-विषममध्ये. पुण्यात पी-१, पी-२ च्या पाट्या वाचून डोक्यात तारीख बसलेली असते. मिनियापोलिसच्या स्नो इमर्जन्सीत तारखेचा काही संबंध नाही, घरांचे क्रमांक बघायचे. ज्या बाजूच्या घरांचे नंबर २, ४, ६, ८ किंवा ० ने संपतात ती सम बाजू. कोपऱ्यावरच्या घराचा नंबर मात्र बघू नका. त्याचा पत्ता बऱ्याचदा आडव्या रस्त्याचा असतो. ब्लॉकच्या मधल्या दोन-तीन घरांवरून खात्री करा.

म्हणून मंगळवारी रात्री करायचं काम एकच: गाडी हिरव्या पाटीच्या रस्त्यावर विषम बाजूला लावायची. त्या रात्री हिरव्या रस्त्याच्या दोन्ही बाजू चालतात, त्यामुळे लोक दिसेल त्या सम बाजूला गाडी ठोकून झोपतात आणि सकाळी ८ ला ती नियमात सापडते. विषम बाजूची गाडी बुधवारचा अख्खा दिवस सुरक्षित असते. मग बुधवारी रात्री झोपण्याआधी ती समोरच्या, प्लाऊ होऊन गेलेल्या सम बाजूला न्यायची. गुरुवारी काही करायचं नाही. तीन दिवसांत दोनदा गाडी हलवली की झालं. ‘उद्या सकाळी उठून हलवू’ या भरवशावर राहू नका. उणे वीसमध्ये बॅटरी मान टाकते, वरंब्यात चाक फिरत बसतं, आणि आठ वाजून जातात.

ठरलेली वेळ संपायच्या आधीच परत गाडी लावता येते, पण रस्त्याची ती बाजू पूर्ण प्लाऊ झालेली असेल तरच. इथे डोळ्यांनी नीट बघावं लागतं. मधून एक पट्टा साफ दिसतो तो पूर्ण प्लाऊ नव्हे. कर्बची कड दिसली पाहिजे, किंवा निदान बर्फाची सरळ कापलेली भिंत कर्बला टेकलेली दिसली पाहिजे. प्लाऊ एकाच रस्त्यावर दोन-तीनदा येतो, म्हणून पहिल्या फेरीनंतर घाई करणारेच फसतात. रहिवासी पार्किंगचा परवाना असला किंवा मीटरमध्ये पैसे भरले, तरी सवलत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा जोराचा बर्फ पडला तर शहर नवी इमर्जन्सी जाहीर करू शकतं, आणि मोजणी परत पहिल्या दिवसापासून सुरू होते.

याच्या जोडीला एक वेगळा नियम आहे आणि त्याची सरमिसळ फार होते. हिवाळा फारच जड गेला आणि रस्ते अरुंद झाले, तर शहर ‘विंटर पार्किंग रिस्ट्रिक्शन’ लावतं: स्नो इमर्जन्सी रूट सोडून बाकी रस्त्यांच्या सम बाजूला पार्किंग सरसकट बंद, आणि आधी उठवलं नाही तर ते १ एप्रिलपर्यंत चालतं. त्याला ८ ते ८ वगैरे वेळ नसते.

नदीपलीकडे सेंट पॉलमध्ये सगळं गणितच निराळं. जुळी शहरं म्हणतात खरी, पण इथलं पाठ केलेलं तिथे चालत नाही. तिथे दोनच टप्पे: रात्री ९ ते सकाळी ६ नाइट प्लाऊ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ डे प्लाऊ. जिथे ‘नाइट प्लाऊ रूट’ची पाटी आहे ते रस्ते रात्रीचे, आणि डाउनटाउन पूर्ण त्यात येतं. पाटी नसलेले रस्ते दिवसाचे. गंमत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या निवासी रस्त्यांची. त्यातल्या अनेकांच्या एकाच बाजूला पाटी असते: ती बाजू रात्री साफ होते, समोरची दिवसा. अशा रस्त्यावर राहणाऱ्याचं काम सोपं. रात्री पाटी नसलेल्या बाजूला गाडी ठेवायची आणि सकाळी ८ च्या आत समोर न्यायची. पूर्व-पश्चिम निवासी रस्ते बहुतेक दोन्ही बाजूंनी डे प्लाऊमध्ये येतात, म्हणजे सकाळी गाडी त्या रस्त्यावरूनच हलवावी लागते. सेंट पॉलची इमर्जन्सी ९६ तास चालते. त्या काळात प्लाऊ न झालेल्या जागी गाडी दिसली तर दंड होऊ शकतो. आणखी एक: तिथल्या घरामागच्या गल्ल्या शहर साफ करत नाही, रहिवाशांनी वर्गणी काढून खासगी प्लाऊवाला ठरवायचा असतो. गॅरेज गल्लीत असेल तर भाडेकराराआधी हा प्रश्न घरमालकाला विचारून घ्या.

शिकागोत दोन बंदी आहेत, आणि पहिलीचा बर्फाशी संबंधच नाही. १ डिसेंबर ते १ एप्रिल, रोज पहाटे ३ ते ७, सुमारे १०७ मैल महत्त्वाच्या रस्त्यांवर पार्किंग बंद. आभाळ निरभ्र असलं तरी गाडी उचलतात, त्यामुळे १ डिसेंबरच्या पहाटे कोरड्या रस्त्यावरून टो ट्रक गाड्या नेताना दिसतात. खर्च किमान १५० डॉलर टोचे, ६० डॉलर दंडाचे, शिवाय जागाभाडं दिवसाला २५ डॉलर. दुसरी बंदी आणखी सुमारे ५०० मैल रस्त्यांवर: रस्त्यावर २ इंच बर्फ साचला की ती कोणत्याही वेळी लागू करता येते. पाट्या तिथेच लावलेल्या असतात, पण वर्षभर त्यांचा उपयोग नसल्यामुळे नजर त्यांच्यावरून घसरते. शिकागो या बाबतीत इतकं कडक का, याचं उत्तर राजकारणातही सापडेल. जानेवारी १९७९ च्या हिमवादळात रस्ते वेळेत मोकळे झाले नाहीत, आणि पुढच्याच महिन्यात महापौर मायकल बिलँडिक पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांच्याकडून हरले. त्यानंतरचा कोणताही महापौर बर्फ हलक्यात घेत नाही.

न्यूयॉर्कची तऱ्हा उलटी. रस्तेसफाईसाठी बाजू बदलण्याचा तिथला रोजचा नियम बर्फात स्थगित होतो, म्हणजे गाडी हलवायची नाही. ऐकायला बरं वाटतं, पण त्याच गाडीवर प्लाऊ वरंबा चढवून जातो आणि ती आठवडाभर निघत नाही. शिवाय स्थगिती बाजू बदलण्याच्या नियमाला असते, मीटरला आपोआप नसते. रोज ३११ वर, म्हणजे शहराच्या चौकशी क्रमांकावर, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च रात्री १ ते सकाळी ७ तारखेप्रमाणे बाजू बदलावी लागते: सम तारखेला गाडी सम क्रमांकाच्या घरांच्या बाजूला लावायची, विषमला विषम. खोड मध्यरात्रीत आहे. १४ तारखेला रात्री १० वाजता गाडी लावताना १५ ची बाजू धरायची, कारण नियम सुरू होतो तेव्हा तारीख पालटलेली असते.

उकरून काढलेल्या जागेवर खुर्ची ठेवून ती राखायची पद्धत पिट्सबर्ग, शिकागो, बॉस्टन अशा शहरांत आहे. शिकागोत तिला ‘डिब्ज’ म्हणतात. कायद्यात तिला आधार नाही, पण शहर काही दिवस काणाडोळा करतं आणि मग सामान उचलायला गाड्या पाठवतं. बॉस्टनमध्ये इमर्जन्सी उठल्यानंतर ४८ तास चालवून घेतात, साउथ एंड सोडून. दुसऱ्याची खुर्ची हलवून गाडी लावायची हौस नको. दंड होणार नाही कदाचित, पण आरसा फुटलेला सापडू शकतो.

आता गाडी काढण्याबद्दल, कारण वेळेत हलवायची तर आधी ती निघाली पाहिजे. पहिलं फावडं सायलेन्सरच्या नळीपाशी. नळी बर्फात बुजलेली असताना इंजिन चालू केलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. दरवर्षी यात माणसं जातात, बऱ्याचदा गाडी गरम होईपर्यंत आत बसवलेली मुलं. नळीभोवती हातभर जागा मोकळी करा, मगच किल्ली फिरवा. त्यानंतर टपावरचा बर्फ खाली पाडा, मग काचा, आणि चाकांपुढचा बर्फ सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर टपावरचा बर्फ साफ केलेल्या जागेत पडून काम दुप्पट होतं. चाकं फिरून बर्फ चकचकीत झाला की गॅस दाबू नका. चाकांपुढे वाळू किंवा मांजराच्या पेटीतली साधी माती टाका, स्टिअरिंग सरळ ठेवा, आणि हळूच पुढे-मागे झुलवत काढा. काचेवर गरम पाणी ओतलं तर ती तडकते.

उपसलेला बर्फ रस्त्यात लोटणं मिनेसोटात बेकायदा आहे. तो आपल्या हिरवळीच्या पट्ट्यावर टाका. ड्राइव्हवे असेल तर रस्त्याकडे तोंड करून उभं राहा आणि सगळा बर्फ उजव्या हाताला टाका, कारण प्लाऊ तुमच्या डावीकडून येतो. जमलं तर डावीकडे कर्बलगत आठ-दहा फुटांचा खळगाही मोकळा करा. पात्यावरचा बर्फ त्या खळग्यात रिकामा होतो आणि तोंडाशी वरंबा लहान पडतो. इमर्जन्सीत गाडी हलवताना हायड्रंट (कडेचा अग्निशमनाचा नळ) आणि चौक विसरू नका: मिनेसोटात हायड्रंटपासून १० फूट, चौकातल्या पादचारी पट्ट्यापासून २० फूट आणि स्टॉप साइनच्या अलीकडे ३० फूट अंतर लागतं. बर्फाखाली पट्टे दिसत नाहीत, ही सबब चालत नाही.

जागेवर गाडी नाही म्हणून लगेच चोरीची तक्रार करू नका. आधी ३११ ला किंवा शहराच्या टो शोधणाऱ्या पानावर नंबरप्लेट टाकून बघा. काही शहरांत प्लाऊला वाट करून देण्यासाठी गाडी नुसती शेजारच्या रस्त्यावर सरकवलेली असते, तेव्हा दोन-तीन ब्लॉक चालून पाहा. उचललेल्या गाड्या ठेवतात त्या इम्पाउंड लॉटमध्ये असेल तर लायसन्स, गाडीची मालकी दाखवणारा कागद आणि विम्याचा पुरावा घेऊन त्याच दिवशी जा, कारण जागाभाडं दिवसागणिक चढतं. रजिस्ट्रेशन गाडीच्या कप्प्यातच राहिलं असेल तर त्याचा फोटो फोनमध्ये असलेला बरा. आणि सोडवलेली गाडी घरासमोर लावण्याआधी आज इमर्जन्सीचा कितवा दिवस आहे ते बघा. बुधवारी सकाळी सम बाजूवरून उचललेली गाडी त्याच रात्री सोडवून विषम बाजूला लावली, तर गुरुवारी सकाळी ८ ला ती परत नियमात सापडते.