घरी बैल नाही, मग पोळ्याला गावी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, बघायला लोक कुठून कुठून नागपुरात येतात, काळी मारबत तर 1881 पासून निघते. आणि मी नागपूरचा रहिवासी नेमका तेव्हाच यवतमाळकडे गाडी काढतो. घरी बैल नाही, वावर मक्त्यानं दिलेलं. मग जाता कशाला?

खरं तर मी जातो ते आदल्या संध्याकाळच्या खांदशेकणीसाठी, म्हणजे बैलांचे खांदे शेकायला. पोळा गावाचा. तोरण, बैलांच्या माथ्यावरच्या मठाट्या, झडत्यांची गाणी, 'हर बोला हर हर महादेव', सगळं झकास; पण त्यात बैलापेक्षा मालकाचाच तोरा जास्त. कोणाची जोडी पुढं, यावरून तोंडातोंडी ठरलेली. खांदशेकणीला गोठ्यात आपण आणि बैल, बस.

चुलतभावाकडं एक जोडी उरली आहे. कपाशी वाढली की ट्रॅक्टर तासात घालता येत नाही, डवऱ्याला, म्हणजे तासातलं तण काढायला, बैलच लागतात, म्हणून. बैल धुऊन आणायचे, तुपात हळद कालवून कोमट करायची आणि पळसाच्या पानानं खांद्यावर चोळायची. जू घासून घासून तिथले केस गेलेले, कातडं घट्टं पडल्यासारखं टणक. पान टेकलं की बैल आधी अंग थरथरवतो, मग हळूच मान सैल सोडतो. तेव्हा त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वडील हे म्हणताना बैलाला अहोजाहो करत. आम्हा पोरांना मात्र कधी नाही!

आमचे बैल गेले त्याचं खापर सगळे ट्रॅक्टरवर फोडतात. मी ज्वारीपासून सुरुवात धरतो. कपाशीसोबत ज्वारी असायची. दाणा माणसाला, कडबा जनावराला. सोयाबीन आलं, दिवाळीच्या तोंडावर हाती पैसा यायला लागला, ज्वारी मागं पडली. पाखरं हाकलायची कटकटही मिटली. पण गोठ्यामागची कडब्याची गंजी गेली. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, जनावर खातं, त्याला कडब्याची सर नाही. चारा विकत घेऊन वर्षभर बैल कोण पोसणार?

जुनं सगळं सोन्याचं होतं असं मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका. आमचा सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला असायचा. निजायचा गोठ्यातच. हुरड्याची, बैलबंडीतून भटकायची मजा आम्हाला. शेण काढायचा तो. पोळ्याला त्याला नवं धोतर मिळे, आणि घरोघरी जोडी फिरवून बोजारा, म्हणजे बक्षिसी. ते पैसे तो आमच्या ओसरीवर उभ्याउभ्याच मोजायचा, मग पुन्हा मोजायचा.

आता चुलतभावही जोडी विकायचं म्हणतो. विक म्हटलं, तुझा हिशेब तुला ठाऊक. फक्त पोळ्याआधी नको. तेवढं त्यानं यंदा ऐकलं आहे.