मेरीलँडमध्ये जाड नळीची रायफल घेण्यापूर्वी

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या बंदी असलेल्या बंदुकांच्या यादीत 'कोल्ट एआर-१५' आणि तिच्या सर्व नकला आहेत, पण त्याच ओळीत 'स्पोर्टर एच-बार' ही जाड नळीची रायफल वगळली आहे. ही सूट फार महत्त्वाची आहे, आणि घोटाळाही इथेच होतो. नळी किती जाड हवी हे कायद्यात मापाने दिलेलेच नाही. म्हणून हँडगार्डखाली (नळीवरच्या, हाताने धरायच्या आवरणाखाली) बारीक आणि फक्त पुढे जाड असलेली 'गव्हर्नमेंट प्रोफाइल' नळी एच-बार समजून विकत घेऊ नका. विक्रेत्याकडून नळीचे प्रोफाइल, म्हणजे तिच्या जाडीचा आकार, लेखी घ्या आणि पावती जपा.

नळी योग्य असली तरी काम संपत नाही. सुटे मॅगझिन असलेल्या सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर आघात होणाऱ्या) सेमी-ऑटोमॅटिक (चाप दर वेळी ओढल्यावर एक गोळी सुटणाऱ्या) रायफलला घडीचा दस्ता, फ्लॅश सप्रेसर (गोळी सुटतानाची ज्वाळा लपवणारे साधन) आणि ग्रेनेड वा फ्लेअर लाँचर यांपैकी कोणतेही दोन असले, तर ती बंदीत जाते. एकूण लांबी २९ इंचांपेक्षा कमी असेल, तरीही तेच.

नळीची लांबी संघीय नियमाने किमान १६ इंच हवी. बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा भाग) बंद करून नळीच्या तोंडातून सळई आत टेकवा, खूण करा, मोजा. फिरवून निघणारे मझल डिव्हाइस (नळीच्या तोंडाला लावायचे साधन) मोजमापात धरत नाहीत, कायमचे जोडलेले धरतात.

एच-१बी व्हिसावरच्या आपल्या मंडळींना बंदूक बाळगण्यास मुळात मनाई आहे, शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. ते आधी वकिलाकडून तपासा, नळीचा विचार नंतर.