जिप्सी उचलली एकदाची!

आजचा अख्खा दिवस गॅरेजमध्ये गेला पण मन भरलं राव. आमची १९९८ ची जिप्सी किंग (मारुतीची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी), हिचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) कंपनीतून एक्सलच्या (दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याच्या) खाली असतात ते आज वर घेतले, म्हणजे गाडी उंच होते, ऐकायला सोपं वाटतं पण नुसती गाडी उचलून भागत नाही, ब्रेकचे होज लांब लागतात, प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) अँगल बदलतो, म्हणून मिस्त्रींनी पाट्यांच्या बैठका नव्याने मारल्या, वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्याआधी अँगल परत मोजून. असा माणूस मिळायला नशीब लागतं.

टायर २०५/७० चे होते ते २३५/७५ एटी (पक्का-कच्चा दोन्ही रस्त्यांना चालणारे) केले, रिम १५ चीच. आता स्पीडोमीटर साधारण १० टक्के कमी दाखवणार.

संध्याकाळी ताम्हिणीकडच्या कच्च्या रस्त्याला लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) घातली, जिथे पोट घासायचं तिथून आरामात गेली! पण एक सांगतो, लिफ्टने बॉडी वर जाते, डिफरन्शियल (एक्सलवरचा गिअरचा गोळा) नाही, तो फक्त टायरमुळे उचलतो, तोही जेमतेम सव्वा इंच, त्यामुळे मोठा दगड चाकाखालीच घ्यायचा. विंचच्या (अडकलेली गाडी ओढायच्या चरखीच्या) आधी चांगले टायर आणि भक्कम टो हुक घ्या, मनापासून सांगतोय.

आता लांब स्ट्रोकचे (जास्त खाली-वर होणारे) शॉक ॲब्सॉर्बर हवेत, कोणी वापरले असतील तर कळवा.