सीआर नेमका कुणाचा?

पुण्यातल्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थी विकास अधिकारी म्हणूनही काम बघते. कमवा व शिका योजनेचे हजेरीपट, शिबिरांची पत्रं, खर्चाचे हिशेब, आणि विद्यार्थी परिषद. यातलं परिषदेचं काम कागदावर सगळ्यात सोपं. गेल्या वर्षीचे निकाल काढायचे, वर्गात पहिलं कोण आलं ते बघायचं, नाव प्राचार्यांच्या सहीला पाठवायचं. झाला सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी.

ही पद्धत १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने आणली. त्याआधी कॉलेजात थेट निवडणुका व्हायच्या, पॅनल उभी राहायची, मारामाऱ्याही व्हायच्या. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि राज्य हादरलं. आईवडिलांची भीती खरी होती, ती मी हलकी मानत नाही. पण त्याच १९८९ मध्ये, २८ मार्चला, मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली. देशाने ज्या वयाला खासदार निवडण्याचा हक्क दिला, त्याच वयाच्या मुलांकडून आपण पुढच्या पाच वर्षांत स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क काढून घेतला.

२००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीचे नियम सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. उमेदवारी खर्चाला पाच हजारांची मर्यादा, हजेरी किमान ७५ टक्के, वयाची अट. हिंसाचार आणि पैसा रोखूनही निवडणूक घेता येते, असं सांगणारे ते नियम. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यात तर अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि वर्ग प्रतिनिधी, सगळे थेट मतदानाने निवडायची तरतूद आली. २०१९ मध्ये तयारीही सुरू झाली. विधानसभा निवडणूक तोंडावर होती म्हणून ते पुढे ढकललं गेलं, मग कोविड आला. आमच्याकडे आजही गुणांची यादीच चालते.

याच मुलामुलींचे मतदार नोंदणीचे फॉर्म ६ माझ्या टेबलावर येतात. वसतिगृहात राहणाऱ्याला इथल्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, कॉलेजच्या बोनाफाइडवर. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, त्यामुळे प्रश्न ठरलेला: "मॅडम, गावाकडे ठेवू की पुण्यात?" मी उत्तर देत नाही, प्रश्न विचारते. तुझं पाणी कुठून येतं, बस कुठली पकडतोस, पुढची पाच वर्षं कुठे असशील? एकाने नाव गावीच ठेवलं, कारण ग्रामपंचायतीत त्याच्या वस्तीचा रस्ता अडकलेला होता आणि वॉर्डात मतं मोजकी. एकीने पुण्यात आणलं. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर कितीतरी काळ प्रशासकच कारभार बघत होते. "आमच्या गल्लीतल्या दिव्यासाठी नगरसेवक कोण तेच कुणाला सांगता येत नव्हतं," हे तिचं कारण. इतका नीट विचार करणाऱ्या मुलांना आम्ही सांगतो, तुमच्या वर्गाचं कोण बोलणार ते मार्कांवरून ठरेल.

पहिला नंबर काढणाऱ्या मुलांवर माझा काडीचाही राग नाही, बहुतेक जण मनापासून काम करतात. पण त्यांना वर्गाने पाठवलेलं नसतं, म्हणून वर्गाला जाऊन काही सांगण्याची जबाबदारी त्यांना वाटत नाही, आणि वर्गालाही त्यांना जाब विचारावासा वाटत नाही. सीआर प्राचार्यांचा निरोप खाली नेतो. वरती काही न्यायचं असेल तर दहा वेळा विचार करतो, कारण त्याला तिथे बसवलंय ते वरच्यांनी.

याच शहरात १८७० साली पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या, म्हणजे पर्वतीवरच्या देवस्थानच्या, कारभाराबद्दलच्या तक्रारीतून लोक एकत्र आले होते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यात पुढे होते. सभेचा सभासद व्हायचं तर पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. माणूस किती शिकलेला, यापेक्षा तो कुणाच्या वतीने बोलतोय याला तिथे मान होता. मतदानाचा हक्क कुणालाच नव्हता त्या काळात! हे वाचलं तेव्हापासून ते माझ्या डोक्यात होतं. शेवटी प्राचार्यांशी बोलून आम्ही एक साधी सोय केली. नेमलेले सीआर राहतील, कारण तो नियम मी बदलू शकत नाही. पण जो कुणी पन्नास विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन येईल, तो त्याच्या विषयापुरता परिषदेच्या बैठकीत सीआरच्या बरोबरीने बसेल, बोलेल, आणि इतिवृत्तात त्याचं म्हणणं लिहिलं जाईल.

पहिल्या सह्या अभ्यासिकेसाठी आल्या. आमची अभ्यासिका आठला बंद व्हायची. सकाळी लेक्चर, दुपारी कमवा व शिका, संध्याकाळी मेडिकलच्या नाहीतर मेसच्या काउंटरवर काम, असा दिवस असलेल्या मुलांना ती कधी मिळायचीच नाही. सदाशिव आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना खोलीत टेबल नसतं आणि बाहेरच्या अभ्यासिकेची फी परवडत नाही. एसवायचा मुलगा सह्यांचे कागद घेऊन आला होता. गुणांच्या यादीत त्याचं नाव कधी आलं नसतं, कारण अभ्यासाला त्याला जागाच नव्हती.

बैठकीत आधी भांडण झालं ते मत कुणी द्यायचं यावर. पुण्यातच घर असलेल्या मुलांची संख्या जास्त, आणि त्यांना रात्री अभ्यासिका लागत नाही. "ज्यांना बसायचंच नाही त्यांनी का ठरवायचं?" असं एक जण म्हणाला. लगेच समोरून आलं, "फी सगळेच भरतात. विजेचं बिल वाढलं तर आमच्याच पैशातून जाणार." दोन्ही बाजू बरोबर होत्या, आणि मी मुद्दाम गप्प बसले. बराच वेळ गेला. मग कोथरूडला राहणाऱ्या एका मुलीनेच मार्ग सुचवला: मत सगळे देतील, पण आधी ज्यांना अभ्यासिका हवी आहे ते बोलतील आणि बाकीचे मध्ये न बोलता ऐकतील. त्या ऐकण्याने बरीच मतं फिरली. स्वतःच्या वर्गातला मुलगा रात्री दहापर्यंत बिलं फाडतो, हे कित्येकांना तिथे पहिल्यांदा कळलं.

ठराव होणार इतक्यात कुणीतरी विचारलं, "मामांना विचारलंय का?" अभ्यासिका उघडणारे आणि बंद करणारे मामा वाघोलीहून येतात. त्यांना बोलावलं. ते आधी बसायलाच तयार नव्हते, उभ्यानेच बोलणार म्हणाले. मुलांनी खुर्ची दिली. मामांनी अडचण सांगितली, मनपावरून उशिराची बस चुकली की घरी पोचायला मध्यरात्र. आणि मग त्यांनीच तोडगा दिला: "आम्ही दोघं आहोत. दोघं सकाळीच कशाला येतो? एकाने सकाळी यावं, एकाने दुपारी दोनला. आठवडा बदलून घेऊ. फक्त आदेश लेखी पाहिजे, तोंडी नको." इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलेलंच नव्हतं. वेळ रात्री दहापर्यंत वाढवायची, लेखी आदेश निघेपर्यंत अंमल करायचा नाही, असा ठराव झाला.

तेव्हा उदगीरकडची एक मुलगी उभी राहिली. मुलींच्या वसतिगृहाचं गेट साडेआठला बंद होतं. "ठरावाच्या बाजूने मी हात वर केलाय," ती म्हणाली, "पण ही वाढलेली वेळ मुलांची आहे. आमची तीच राहिली." खोलीत एकदम गलका झाला. परीक्षा जवळ आलीय, आधी जे मिळतंय ते घेऊ, असं काही मुलांचं म्हणणं. मला त्या क्षणी बोलावंसं फार वाटत होतं. पण सह्या आणणाऱ्या मुलानेच सांगितलं की गेटचा अर्ज याच ठरावाला जोडून जाईल, वेगळा नाही. त्यावर पुन्हा मतदान झालं आणि तो थोड्या मतांनी मंजूर झाला. हरलेल्या मुलांपैकी एकाने इतिवृत्त लिहिलं, स्वतःचा विरोध नोंदवून, स्वच्छ अक्षरात. माझ्या विषयाचे कितीतरी उत्तम जर्नल मी तपासलेत, पण त्या दोन पानांचा मला जास्त अभिमान आहे.

अभ्यासिका आता दहापर्यंत उघडी असते. मामांच्या पाळ्या लेखी आहेत. गेटचं मात्र झालेलं नाही. पालकांची संमतिपत्रं आणा, असं वसतिगृहाकडून उत्तर आलं. मुलींचं म्हणणं असं की आम्ही अठरा पूर्ण आहोत, मुलांकडून संमतिपत्र घेणार असाल तर आम्हीही देऊ. त्यांनी त्यासाठी नव्याने सह्या गोळा केल्यात आणि या वेळी त्या कागदांवर मुलांच्याही सह्या आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय हाच, आणि रेक्टर मॅडम स्वतः येणार आहेत.